दोन झडपांचं अंथरूण

कंबर धरलेल्या माणसाला सल्ल्यांचा तोटा नसतो. एक जण एरंडेल सांगतो, दुसरा बिब्बा सांगतो, तिसरा पायाळू माणसाची लाथ खायला सांगतो. मी तिन्ही उपाय केले. लाथ तर सलग पाच शनिवार खाल्ली, तीही आमच्याच गल्लीतल्या एका पायाळू बाईची. मागच्या कुठल्यातरी भांडणाचा राग ती त्यात वसूल करत होती, अशी माझी खात्री आहे.

आता मी ठणठणीत आहे. पूर्वीसारखा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि लुगडी विणतो. वडगावात कुणा विणकराची कंबर गेली की लोक त्याला माझ्याकडं पाठवतात. मी त्याला फळीवर झोपायचं सांगतो, धीर धरायला सांगतो, आणि मग विचारतो, "तुझ्या शेजारी कोण झोपतं? तिची तब्येत कशी आहे?" कुणी लाजतं, कुणी चिडतं. एकानं तर चहा अर्धा टाकून वाट धरली. तरी मी विचारतोच. माझी कंबर वाचली यात फारसं नवल नाही, तिच्यासाठी डॉक्टर होते. पण माझ्या दुखण्यापायी माझ्या बायकोचे हात जायची वेळ आली होती, आणि त्या हातांकडं बघायला कुणीच नव्हतं. मी होतो, पण मी उताणा पडून स्वतःच्या कमरेकडं बघत होतो. म्हणून हे लिहायला बसलो.

डॉक्टरांनी पाय उचलला

खड्ड्याच्या मागावर हातांनी धोटा फेकायचा आणि खाली पायांनी पावड्या दाबायच्या. वीस वर्षं हेच केलं. वर्षभर कंबर कुरकुरत होती, मी तिला एरंडेल, बिब्बा आणि त्या लाथांपलीकडं दाद दिली नाही. एके दिवशी जेवायला उठायचं म्हणून खड्ड्याच्या काठावर हात टेकले आणि उठताच येईना. कमरेपासून घोट्यापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढावी तशी कळ गेली. धाकटा भाऊ शंकर आणि शेजारचे दोघे, अशा तिघांनी मला विहिरीतून घागर काढावी तसं वर काढलं.

माझे मामा हाडाच्या क्षयानं गेले. आधी कुबड आलं, मग पाय गेले, मग माणूस गेला. त्यामुळं घरात कुणी काही बोललं नाही तरी सगळ्यांच्या डोळ्यांपुढं मामाच होते. बैलगाडीत कडबा घालून मला बेळगावच्या दवाखान्यात नेलं. वाटेत प्रत्येक खड्डा मी मोजला. मला मरणाची भीती वाटत नव्हती, लोळागोळा होऊन जगायची वाटत होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगतो.

डॉक्टरांनी मला उताणं पाडलं आणि डावा पाय गुडघ्यात न वाकवता सरळ वर उचलला. पाय वीतभर वर गेला असेल नसेल, मी असा ओरडलो की बाहेर गाडीचे बैल बिचकले. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलला. त्यांनी मणक्यावरून बोटं फिरवली, ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "हाडाला कीड नाही. कमरेत शीर दाबली गेली आहे."

मला एवढा आनंद झाला की पुढचं काही विचारायचं सुचलं नाही. ते सरस्वतीनं विचारलं. सरस्वती म्हणजे माझी बायको, निपाणीकडच्या कोगनोळीची.

"डाक्टरसाब, माग चालिवतील का?"

"चालवतील, ऐकलं तर. तीन आठवडे इथं. मग घरी तीन महिने कठीण फळीवर सपाट. गादीचं नावसुद्धा काढायचं नाही. आणि कुशीवर स्वतःहून वळायचं नाही. अंगाखाली जाड चादर ठेवायची आणि दुसऱ्यानं ती ओढून वळवायचं."

"व्हय," सरस्वती म्हणाली. तो 'दुसरा' कोण, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच कुणाला वाटली नाही.

वाळूची पिशवी

दवाखान्यातले तीन आठवडे तसे वाईट गेले नाहीत. पायाला दोरी बांधून पलंगाच्या टोकाला वाळूची पिशवी लोंबकळत ठेवली होती. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी डॉक्टर. माझ्या शेजारी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतले एक कारकून होते. त्यांना तपकिरीचा नाद. दवाखान्यात बंदी असूनही उशीखाली डबी होतीच. ते सटासट शिंकायचे, आणि तपकिरीचा वारा माझ्याकडं आला की मलाही शिंक यायची. कंबर धरलेल्या माणसाला शिंक म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. मी शिव्या घातल्या की ते हसायचे, मग मला हसू यायचं, आणि हसलं की पुन्हा कळ. पण खरं सांगतो, त्या माणसानं मला तगवलं. जो हसतो तो मरत नाही, असं मला त्या दिवसांत वाटायला लागलं.

सरस्वती रोज दोन वेळा वडगावातून चालत यायची. नर्सबाईंनी तिला चादर ओढायची रीत शिकवली: दोन्ही हातांच्या मुठीत चादर घट्ट धरायची आणि झटका न देता आपल्याकडं ओढायची. ती दोन दिवसांत शिकली. मला अभिमान वाटला. तिच्या मुठी नीट वळत होत्या की नाही, हे पाहायचं मला सुचलं नाही.

दार

घरी फळी कुठली आणायची हा प्रश्न आला. शंकरनं सरळ परसदाराच्या दोन्ही झडपा बिजागऱ्यांतून उचलल्या, कडी ठोकून काढली आणि विटांवर दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या. मागाच्याच खोलीत, म्हणजे मला पडल्या पडल्या माग दिसेल. परसदाराला तरट लावलं. एका झडपेवर मी, अंगाखाली घोंगडं आणि चादर. आमची जुनी कापसाची गादी, जिच्यावर आम्ही दोघं इतकी वर्षं झोपलो, ती आईनं गुंडाळून माळ्यावर टाकली. दुसऱ्या झडपेवर सरस्वतीनंही घोंगडं अंथरलं.

मी त्यावर काही विचार केला नाही. मार्गशीर्ष लागला होता, थंडी मी म्हणत होती. दर दोन-तीन तासांनी मी "अगं" म्हणायचो, ती उठायची, चादर ओढायची, मी वळायचो. पहाटे ती उठून गेलेली असायची. माझी कळ दिवसेंदिवस कमी होत होती आणि मी खुशीत होतो.

गाठ

एका दुपारी शंकरच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, बरेच धागे एकदम तुटले. धागे सांधायला त्यानं वहिनीला हाक मारली. तुटल्या धाग्यांना गाठ मारणं हे सरस्वतीचं काम. ते ती बोलता बोलता, बघता न बघता करायची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या गाठी पाहून माझे वडील म्हणाले होते, "पोरीच्या बोटांत सुई हाय."

मी पडल्या पडल्या पाहत होतो. एक धागा तिनं तीनदा धरला, तीनदा सुटला. मग इकडंतिकडं पाहून तिनं धागा दातांत धरला आणि दातांनी गाठ ओढली.

"इकडं ये," मी म्हणालो.

"आले. एवढं झालं की येते."

"आत्ता ये. हात दाखीव."

तिनं पदराखाली घेतले. मी ओरडलो तेव्हा पुढं केले. बोटांची पेरं सुजून हळकुंडासारखी झाली होती. मूठ वळ म्हटलं तर अर्ध्यावर थांबली. उजवा खांदाही वर जाईना.

आमच्या धाकट्या मुलाच्या बाळंतपणापासून तिला संधिवात होता. मला ठाऊक होतं. गार, कठीण जागा लागली की तिचे सांधे धरतात, हेही ठाऊक होतं. दरवर्षी थंडीत ती गादीवर दुलई दुमडून घ्यायची आणि मीच तिला "कोगनोळीची राणी" म्हणून चिडवायचो. ते सगळं मी विसरलो होतो. आजारी माणूस किती आपमतलबी होतो, हे मला त्या दुपारी कळलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

"कधीपासनं हे?"

"थंडीचं हुतंय. बरी हाय मी."

"आई," मी हाक मारली, "माळ्यावरची गादी काढ. आजपासनं ही गादीवर झोपंल."

आई दारात आली. "नवरा फळीवर आन बायको गादीवर? शेजारी शेजारी? येनारं-जानारं काय म्हनंल रं? तुझा बा आजारी हुता तवा नऊ म्हैने मी भुईला पाठ लावली. कांबळंसुदिक घेतलं न्हाय."

आईचं चुकत नव्हतं, म्हणजे तिच्या हिशेबानं. आमच्याकडं बायका तोंडानं व्रत सांगत नाहीत, अंथरुणातून दाखवतात. नवऱ्याचं जे अंथरूण तेच आपलं. सरस्वतीही तेच करत होती. पण आता मला दिसत होतं की मी माझ्या झडपेवर बरा होतोय आणि तिच्या झडपेवर ती मोडतेय. विणकराच्या घरातल्या बाईचे हात गेले म्हणजे काय उरलं? आणि घर, माग सगळं बाजूला ठेवू. तिचे हात मला हवे होते, तिचे म्हणून.

माझी हुशारी

जुनी गादी काढली तर कापसाचे गठ्ठे झालेले. मी हुसेनचाचांना बोलावलं. गल्लीतल्या साऱ्या गाद्या तेच पिंजायचे. त्यांच्याकडं बेळगुंदीच्या रानातली सावर भरून ठेवलेली होती. सावरीचा कापूस रेशमासारखा मऊ, हलका, उबदार.

सरस्वतीला वेगळ्या जागी, खाली भुईवर गादी घालून चालणार नव्हतं. एक तर धरल्या गुडघ्यांनी भुईवरून घडोघडी उठायचं कसं, आणि दुसरं, चादर ओढायला ती माझ्या बरोबरीच्या उंचीवर हवी. म्हणजे एकाच अंथरुणाची एक बाजू दगड आणि दुसरी बाजू लोणी, असं काहीतरी करायचं होतं. मी छाती ठोकून म्हणालो, माप मी देतो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मागावर कापड ताणलेलं असतं. उतरवलं की आखडतं. किती आखडणार हे विणकराला आधीच कळतं आणि तो ताण्यातच तेवढं जास्त धरतो. मी म्हटलं, सावर म्हणजे काय वेगळं? दबून चार बोटं बसणार. तर चार बोटं जास्त भरा, दबल्यावर हवी तेवढीच उंची राहील.

चाचा दाढी खाजवत म्हणाले, "अण्णा, गादीचं माप असं घेत न्हाईत."

"चाचा, तुम्ही पिंजा. मापाचं मला शिकवू नका."

 दोन दिवसांनी गादी आली. आईनं नाक मुरडलं, पण मी हट्ट सोडला नाही. मी घोंगड्यावर, सरस्वती सावरीवर. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कशी हाय?"

"बरी हाय."

तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी तेच. "बरी हाय." आठ दिवस झाले आणि बोटांची सूज तशीच. उलट डावा हातही धरला. मी चाचांवर भडकलो, बोलावून घेतलं. म्हटलं, कसली सावर घातलीत?

चाचांचा प्रश्न

चाचा वाकले. गादीत कोपरापर्यंत हात दाबला, मध्यावर दाबला, कडेला दाबला. मग सरळ उभे राहिले.

"अण्णा, राग मानू नका. हिच्यावर मानूसच झोपलेलं न्हाय. पयल्या दिवशी दिली तशी हाय."

 शंकरचा धोटा थांबला. सरस्वती चुलीपाशी पाठ करून उभी होती.

मला राग आला. आजारपणात राग जवळच असतो. "म्हंजे रोज गुंडाळून ठेवतीस? आठ दिवस खोटं बोललीस? कुणासाठी? गल्लीसाठी?"

 चाचांनीच मला हातानं थांबवलं आणि तिच्याकडं वळून अगदी साधं विचारलं, "वैनी, तुम्हास्नी दुखतंय नेमकं कुठं?"

सरस्वती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या दिसांत ह्ये कुनी इचारलंच न्हाय," ती म्हणाली.

आणि मग ती जी बोलायला लागली ती थांबेना. उजवा खांदा आणि उजवं खुब्याचं हाड, तिथं काही टेकलेलं सोसत नाही. कंबर आणि पाय चांगले आहेत. गादीवर ती झोपली होती, पहिल्याच दिवशी. "खुबा आत गेला न् पाय वर ऱ्हायले. खड्ड्यात पडल्यावानी. ह्येंनी हाक मारली तर मला उठताच येईना. ह्ये आपआपले वळाया लागले. म्हनलं, ह्येंची कंबर जाईल. मग रोज दिवा मालवला की गुंडाळून ठिवते."

आणि आईकडं न बघता म्हणाली, "लोकांचं बी हुतंच."

चाचा माझ्याकडं बघून म्हणाले, "अण्णा, कापड समद्या अंगानं सारखं आखडतंय. मानसाचं अंग सारखं नसतंय हो. जिथं भार, तिथं खड्डा."

वीस वर्षं माग चालवूनही हे मला सुचलं नव्हतं. मी मापाचा विचार केला होता, माणसाचा नाही. जिला झोपायचं तिला सोडून मी सगळ्यांशी बोललो होतो.

चाचा आईजवळ जाऊन टेकले. म्हणाले, "आक्का, तुमचं गुडघं कवापासनं धरल्यात?"

आई दहा-बारा वर्षं भिंतीला धरून उठते. सगळ्या गल्लीला माहीत आहे. ती तोंडातल्या तोंडात सालं मोजत होती. मग म्हणाली, "ह्येचा बा गेला त्या सालापासनं." आणि सरस्वतीकडं बघून, "कुनी बोललं न्हाय गं मला तवा, उठ म्हनून."

ती उठली, भिंतीला धरून सरस्वतीपाशी गेली, आणि तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "झोप त्या गादीवर. मी माप घेते. चाचा, तुमी जरा भाईर बसा."

मग खरं माप झालं. सरस्वती कुशीवर निजली, आईनं तिच्या अंगाखाली हात घालून बोटांनी मापलं आणि तरटाआडून चाचांना ओरडून सांगितलं. चाचांनी गादी उसवली आणि आडवे कप्पे शिवले. खांद्याला आणि खुब्याला सावर, कमरेला आणि पायाला ठासून पिंजलेला कापूस. तिच्या झडपेखालची एकेक वीट काढली, म्हणजे ती झोपली की तिचे हात बरोबर माझ्या चादरीला पोचतील. वरून एकच मोठी चादर दोन्ही झडपांवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच अंथरूण दिसायचं. लोकांना उत्तर द्यायचं नसेल तर एवढं पुरतं. आणि एका बाईनं विचारलंच, तेव्हा आईनं तिला असं फैलावर घेतलं की पुन्हा कुणी विचारलं नाही.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी आणखी थोडं. सावरीची गादी आठवड्याला उन्हात टाका, ती पुन्हा फुगते. कंबर दुखणाऱ्यानं पहिले तीन आठवडे शूरपणा करू नये. आणि घरात दोन दुखणी असली तर जे जास्त ओरडतं तेच मोठं, असं समजू नका. माझं ओरडणारं होतं.

संक्रांतीपर्यंत तिची मूठ वळायला लागली. शिमग्याला मी काठी टाकली. झडपा परत दाराला लागल्या आणि सुताराकडून मी आमच्या दोघांसाठी पलंग करून घेतला, तसाच, एक बाजू उंच आणि एक खाली. तिचा संधिवात गेलेला नाही, तो जात नाही म्हणतात. पण ती गाठी मारते, आणि दातांनी नाही.

ती सकाळ

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती कप्पे शिवलेल्या गादीवरची पहिली सकाळ. मला जाग आली तेव्हा तरटातून ऊन आत आलं होतं. बाहेर कुणाच्या तरी मागाचा खटका सुरू झाला होता, म्हणजे बराच दिवस वर आला असणार. माझी डावी कूस आंबली होती आणि मला वळायचं होतं. सवयीनं तोंड उघडलं, "अगं" म्हणायला. शेजारी पाहिलं आणि मिटलं.

आई दारात आली होती. तिनं पाहिलं, मला बोटानं गप्प राहायची खूण केली, आणि भिंतीला धरत धरत स्वतः चूल पेटवायला गेली.

मी तसाच पडून राहिलो. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. झोपलेली सरस्वती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.